एक अंतर गृहीत धरून

पहाटे मिरजेला उतरले तेव्हा
बगलेत आलेखाची गुंडाळी होती, छत्रीएवढी लांब.
तिकीट तपासनीस म्हणाला, नकाशा का?
म्हटलं, हो. पण गावं अजून ओळखायची आहेत.

चुंबक बंगळुरात. उन्हाळ्याच्या सुट्टीत
सहा आठवडे मिळतो, तोही रात्रपाळीला.
गणित मात्र सांगलीचं :
विश्रामबागेतली खोली, वर पत्रा,
फूटपट्टी, भिंग, आणि कॉलेजचा एकुलता कॅल्क्युलेटर,
शनिवारी सही करून घ्यायचा, सोमवारी परत.

थायोफीन. गंधकाचा एक मणी ओवलेलं
पाचकोनी कडं, त्यावर चार हायड्रोजन.
साध्या द्रवात ते इतकं गरगरतं
की कुणाचं तोंड कुठे, पत्ता लागत नाही;
चौघं एकमेकांना जे काही सांगतात
ते फिरता फिरता शून्य होतं.

म्हणून द्रवस्फटिक.
जिनपाल आवटी, आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई,
त्याला हे समजवायला मी बंधाऱ्यावर नेलं.
कृष्णेत बोटाएवढे मासे, शेकड्यांनी,
सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे.
जागा कुणाचीच ठरलेली नाही. दिशा ठरलेली.
त्यांच्यात एक करवंटी सोडली.
ती गरगरलीच, पण जराशी अडखळत,
मासे अंगाला लागत होते ना.
"त्या जराशातच सगळं आहे," मी म्हणाले.
तो बराच वेळ बघत राहिला.
"आणि माशांना काय कळतं, मॅडम?
मधे कोण पाहुणा आलाय ते?"
ह्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

दिसल्या त्या चोवीस रेषा.
बारा डावीकडे, बारा उजवीकडे.
मधोमध घडी घालून कागद दिव्यासमोर धरला
तर शिखरावर शिखर, दरीवर दरी.
देखणं, आणि म्हणूनच अवघड :
अधिक की उणे, आरसा सांगत नाही.

जून गेला. जुलै गेला.
आकडे जुळायचे आणि कडं वाकडं निघायचं,
दोन हायड्रोजन इतके जवळ
की एका टोपीत दोन डोकी.
ऑगस्टात एका रात्री वीज गेली,
मेणबत्ती शोधताना आठवलं :
प्रवाहाच्या ओळीतली जोडी आणि आडवी जोडी
एकाच खुणेनं बोलत नाहीत.
मी सगळ्यांना एकाच बाजूला बसवलं होतं.
एक उणे. एवढंच.
वीज आल्यावर दोन तासांत कडं उभं राहिलं.
ओरडावंसं वाटलं, पण खाली घरमालकीणबाई झोपल्या होत्या.

वर्गात तहेरा बारगीरनं विचारलं,
"मग खरं अंतर किती?"
खरं अंतर येत नाही, बाई. प्रमाण येतं.
सांगली ते मिरज एक धरलं
तर तासगाव साधारण अडीच.
पण ते एक
कुठूनतरी आणून ठेवावं लागतं,
दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या रीतीनं मोजलेलं,
विश्वासानं.
तहेरानं वहीत लिहून घेतलं, आणि खाली रेघ मारली.
मी फळा पुसायचं विसरले.

एक नळी अजून माझ्या कपाटात आहे.
एरवी दुधाळ, ताकाच्या निवळीसारखी.
मे महिन्यात, पत्रा तापला की दुपारी
ती आपोआप स्वच्छ होते, आरपार.
जिनपालला वाटतं, चांगलं झालं, गाळ बसला.
मी त्याला सांगत नाही
की आता तिच्यात काहीच ऐकू येणार नाही;
मासे उधळलेत, करवंटी मोकळी,
चोवीस रेषांचं उरेल फार तर साधं कुजबुजणं.
खिडकी उघडते. टेबलपंखा तिच्याकडे वळवते.
पाचच्या सुमाराला तळाशी
पुन्हा थोडं ढगाळ दिसू लागतं.